खाडीतल्या जागांची नावं

कराडहून मी नवी मुंबईला याआधी तीनदा गेले होते आणि तिन्ही वेळा लग्नाला. बसमधून उतरायचं, हॉलमध्ये शिरायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि मिळेल त्या गाडीनं परत. त्यामुळे हे शहर म्हणजे माझ्या मनात दिव्यांच्या कमानी आणि पंगतीतला मठ्ठा एवढंच होतं. या माघात मात्र मी तिथे आठ दिवस राहून आले. परत येऊन बरेच महिने झाले, तरी अजून एखाद्या सकाळी अर्धवट जागेपणी वाटतं, खिडकीबाहेरचं पाणी ओसरलंय आणि लांबवर चिखलावर कोवळं ऊन पडलंय. मग कृष्णेवरच्या पुलावरून जाणारी एसटी ऐकू येते आणि मी कुठे आहे ते कळतं.

मी कॉलेजात मराठी शिकवते. सुट्टीच्या दिवशी कोयनाकाठच्या गावांत जाऊन जुन्या माणसांकडून जुने शब्द लिहून घ्यायचा मला नाद आहे. त्या नादामुळेच बेलापूरहून देवयानी नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांची संस्था दर वर्षी आठ तरुण मुलामुलींना निवडते. वर्षभर त्यांना मानधन देते, बसायला जागा देते, अडलं तर विचारायला जाणती माणसं देते. मुलांनी तंत्रज्ञानातलं असं काम करायचं, ज्यानं साध्या माणसाचं काही भलं होईल आणि निदान त्याला त्रास होणार नाही. याला ते फेलोशिप म्हणतात.

"आमची एक फेलो आहे, मयूरी," देवयानी म्हणाल्या. "खाडीकाठच्या लोकांची बोली फोनला समजावी म्हणून काम करते. तिला दुसरं वर्ष द्यावं का, हे आम्हाला ठरवायचंय. तंत्रज्ञानातली माणसं आमच्याकडे आहेत. बोलीतलं कुणी नाही. आठ दिवस तिच्याबरोबर राहाल आणि दोन-तीन पानं लिहून द्याल?"

मला मोबाइलवर बोट फिरवण्यापलीकडे काही येत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

घणसोली

कळंबोलीला पुलाखाली बसनं सोडलं तेव्हा भर दुपार होती. रस्त्याच्या कडेला लोखंडाचे पत्रे रचलेले, त्यांवरून ऊन असं उसळत होतं की डोळे मिटून घ्यावे लागले. पलीकडे ट्रकांच्या रांगा. ट्रकांच्या खाली, सावलीत, दोन चाकांच्या मध्ये दोरीची खाट टांगून ड्रायव्हर झोपले होते. एवढ्या आवाजात इतकी शांत झोप मी पहिल्यांदा पाहिली.

मामेभाऊ दिलीप रिक्षा घेऊन आला होता. तो वाशीच्या बाजारात तीस वर्षं पोती वाहतोय. मान थोडी पुढे आलीय, पण बोलणं अजून गावचंच.

"ताई, हितं गावाला नावं कमी आन् नंबर जास्त," तो म्हणाला. "सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. पयल्यांदा आलो तवा तीन दिस आपलंच घर सापडंना मला. सगळ्या बिल्डिंगी सारख्या."

त्याच्या घराच्या एका खिडकीतून डोंगर दिसतो आणि दुसऱ्या खिडकीतून लांबवर एक रुपेरी रेघ. ती खाडी, असं शोभावहिनीनं सांगितलं. घर तिसऱ्या मजल्यावर, पण ज्वारीचं पीठ गावाकडचं, ठेचा खलबत्त्यातला. शेजारी कोकणातलं एक बौद्ध कुटुंब, समोर मराठवाड्यातलं. संध्याकाळी शेजारच्या घरातून कुळथाचं पिठलं आलं आणि वहिनीनं त्याच भांड्यात शेंगदाण्याची चटणी परत पाठवली. आमच्याकडे वाटी रिकामी परत देत नाहीत, तेच इथे लिफ्टनं वरखाली चाललं होतं.

दिवेलागणीला दिलीप मला शेजारच्या तळवली या जुन्या गावात फिरवून आणायला घेऊन गेला. रुंद रस्त्यावरून चालता चालता एकदम गल्ली अरुंद झाली, पायाखाली फरशी आली, दारात तुळशी आणि ओट्यावर बसलेल्या बायका आल्या. पंचवीस पावलांवर गल्ली संपली आणि समोर काचेची उंच इमारत उभी राहिली. तिच्या काचेत ती सगळी गल्ली, तुळशीसकट, उलटी दिसत होती. मी मागे वळून पाहिलं, पुन्हा काचेत पाहिलं. खरं गाव कुठलं ते मला क्षणभर सांगता आलं नसतं.

बेलापूर

दुसऱ्या दिवशी देवयानींच्या कार्यालयात आठही फेलो गोल करून बसले होते. देवयानी पन्नाशीच्या, बारीक, हातात सतत पेन. त्यांनी प्रत्येकाला आपलं काम मला समजेल अशा मराठीत सांगायला लावलं.

कळंबोलीचा इरफान नावाचा मुलगा आधी बोलला. त्याचे वडील ट्रक चालवतात. आता ट्रकमध्ये एक कॅमेरा बसवतात, तो ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत राहतो. डोळे मिटले की शिट्टी वाजते आणि मालकाला निरोप जातो.

"शिट्टी चांगली आहे, मॅडम. जीव वाचतो," इरफान म्हणाला. "पण मालक त्याच निरोपावरून पगार कापतो. चौदा तास का चालवायला लावलं, ते कॅमेरा सांगत नाही. मी ड्रायव्हर लोकांना बसवून विचारतोय, तुमचे डोळे कोणी बघायचे आणि कोणी नाही."

आदल्या दिवशी दुपारी पाहिलेली ती झोपलेली माणसं मला आठवली. त्यांच्याकडे मीही न विचारताच पाहिलं होतं.

मग मयूरी. सव्वीस-सत्तावीसची, केस घट्ट बांधलेले, बोलणं भरभर. ती करावे गावची. तिच्या घरचे पिढ्यान् पिढ्या खाडीत मासे धरतात. तिनं एक फोन नंबर तयार केला होता. त्यावर फोन करायचा, भरती-ओहोटी, वारा, जे हवं ते विचारायचं आणि फोननं उत्तर द्यायचं. लिहिता-वाचता यायची गरज नाही.

"आता बघा काय होतं ते," ती म्हणाली आणि फोन कानाशी न नेता टेबलावर ठेवून गावच्या बोलीत विचारलं, "उधान कवा हाय?"

फोन विचार करत राहिला. मग एका गोड बाईच्या आवाजात म्हणाला, "जवळचं उद्यान सकाळी सहा वाजता उघडतं."

सगळे हसले. मयूरीही हसली. तिनं मग चिंबोरी म्हटलं, म्हणजे खेकडा. फोननं हरवलेल्या चिमुरडीसाठी पोलिसांना कळवायचं का विचारलं. निवट्या या चिखलातल्या माशाचं नाव घेतलं, तर निवडणुकीची माहिती द्यायला लागला.

"यात मशीनची चूक नाहीये, मॅडम," ती म्हणाली. "त्याला आमची भाषा कोणी शिकवलीच नाही. मी पण इंजिनिअरिंगला गेल्यावर 'हाय' म्हणायचं सोडून दिलं. क्लासमधली पोरं हसायची. आता मी वर्षभर गावातल्या बायकांचं बोलणं रेकॉर्ड केलंय, त्यावरून त्याला शिकवतेय. हळूहळू येतंय त्याला."

ती पोर मला तिथेच आवडली. मनातल्या मनात मी माझी तीन पानं लिहूनही टाकली.

करावे

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी सातच्या पुढे ओहोटी पुरती लागणार, तेव्हा या, असं मयूरीनं सांगितलं होतं. करावे आता उंच इमारतींच्या मधोमध आहे. गल्लीत बोंबील वाळत घातलेले, त्यांचा वास धुक्याबरोबर अंगावर येतो. गाव संपलं की पाम बीचचा गुळगुळीत रस्ता, भरधाव गाड्या. तो ओलांडला की तिवरं लागतात. खारफुटीला इथे तिवर म्हणतात. त्या झाडांच्या आत शिरलं की गाड्यांचा आवाज कुणीतरी हातानं बाजूला सारल्यासारखा कमी होतो.

मयूरीची चुलती, नर्मदाकाकी, तिथे वाट बघत होती. साठीच्या आसपासची, काळीसावळी, साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, कमरेला टोपली आणि हातात बिळातून चिंबोरी ओढायचा लोखंडी आकडा.

"ही काय मास्तरीन?" तिनं मयूरीला विचारलं. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "बाय, चपला काढ."

मी काढल्या नाहीत. दहा पावलांत डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मी घाबरून थांबले, तर उजवाही जायला लागला.

"उभी रावू नको," काकी शांतपणे म्हणाली. "चिखल उभ्या मान्साला गिलतो. चालत रा."

मी चालत राहिले. पाय निघाला, चप्पल खालीच राहिली. दुसरी मी आपणहून सोडून दिली. त्यानंतर जे काही पाहिलं ते अनवाणी पाहिलं.

आमच्याकडे नदी एका दिशेनं जाते. पाणी गेलं की गेलं. इथे पाणी जातं आणि तेच परत येतं, आणि मधल्या चार-पाच तासांत खालून एक अख्खा देश वर येतो. त्याला उंचवटे असतात, वाटा असतात, पाण्याच्या बोटभर नद्या असतात. धुक्यातून हजारो रोहित पक्षी दिसू लागले. आधी नुसता गुलाबी पट्टा, मग पाय, मग माना. ते सगळे एकदम चोच खाली घालून चिखल चाळत होते आणि त्याचा एक बारीक, सतत, शिजत्या भातासारखा आवाज येत होता. त्यांच्या पलीकडे इमारतींचे वरचे मजले तरंगत होते, खालचे धुक्यात गेलेले. काकी पुढे, मधे मयूरी, मागे मी.  मी किती वेळ चालले मला सांगता येणार नाही. शाळकरी वयात तापातून उठल्यावर अंगण जसं दिसायचं, तसं सगळं दिसत होतं.

मग काकी बोलू लागली. मला सगळं सारखं दिसणाऱ्या त्या चिखलात जागोजागी नावं होती. एका खोलगट जागेला एका बाईचं नाव होतं, जी तिथे बाळंत झाली होती. एका वळणाचं नाव म्हणजे सासूवरचा विनोद होता. एका जागेचं नाव पाणी उतरताना होणाऱ्या आवाजावरून होतं. चिंबोऱ्या कुठल्या वळणाला, शिवल्या म्हणजे शिंपले कुठल्या वाळूत, कालवं कुठल्या दगडांवर, सगळं नावांतच सांगितलेलं. मला कोण आनंद झाला. मी वही काढली आणि चालता चालता भराभर लिहू लागले.

काकी थांबली. "काय लिवतेस?"

"नावं. फार सुंदर आहेत."

"लिवू नको, बाय."

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं आकड्यानं एका उघड्या, ओसाड चिखलाकडे दाखवलं. मागच्या वर्षी सहलीला आलेल्या कुणीतरी तिथला व्हिडिओ काढून जागेच्या नावासकट मोबाइलवर टाकला. दर रविवारी माणसं यायला लागली. जाळी घेऊन आली, चिंबोऱ्यांच्या अंडी भरलेल्या माद्यासुद्धा नेल्या. "तवापासून तिथं काय नाय," काकी म्हणाली. "नाव गेला का जागा गेली."

मी वहीची ती दोन पानं फाडून तिच्या हातात दिली. तिनं ती वाचली नाहीत, तिला वाचता येत नाही. ती वाकली आणि वाहत्या ओघळात तिनं ती सोडली. शाई लगेच निळी होऊन पसरली. वीस वर्षं मी गावोगाव शब्द गोळा करते आहे. हा शब्द नेऊ का, असं मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

वळून पाहिलं तर मयूरी जागच्या जागी उभी होती. तिचेही पाय आत चालले होते आणि तिचं लक्ष नव्हतं.

दुपारी, काकीच्या ओट्यावर

काकीनं निवट्यांचं कालवण केलं होतं, आंबट आणि झणझणीत, बरोबर तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. आमची ज्वारीची भाकरी तोंडात राहते, ही विरघळून जाते. मी तीन खाल्ल्या. मयूरीनं एकीचेही तुकडेच केले.

काकी हात धुवायला आत गेली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, रेकॉर्डिंगमध्ये सगळी नावं आहेत."

"मग?"

"वर्ष संपलं की सगळं रेकॉर्डिंग खुल्या साठ्यात टाकायचं. फेलोशिपची अट आहे. जगात कोणीही घेऊ शकेल, ऐकू शकेल. मला ते बरोबरच वाटायचं. कंपन्या लपवून ठेवतात, आपण उघडं ठेवायचं. त्याशिवाय दुसरं वर्ष मिळत नाही."

"बायकांना माहीत आहे?"

"सगळ्यांच्या सह्या, अंगठे आहेत कागदावर." तिनं भाकरीचे तुकडे बाजूला सारले. मग म्हणाली, "तुम्ही काय लिहिणार आता?"

मी मनात आधीच लिहिलेली तीन पानं आता निरुपयोगी झाली होती. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण तू त्यांना ऐकवलंस का ते कधी?"

नव्हतं ऐकवलं.

दोन दिवसांनी, बाजार उरकून बायका परतल्यावर, तिनं ते ऐकवलं. दहा-बारा जणी ओट्यावर दाटीवाटीनं बसल्या. मयूरीनं छोटा स्पीकर मधे ठेवला. पहिला आवाज आला आणि हशा पिकला. आपला आवाज असा असतो हे कुणालाच पटत नव्हतं. एक तोंडाला पदर लावून हसत होती, दुसरी तिच्या पाठीवर चापट्या मारत होती. ऊन कलत होतं, कौलांवर कावळे होते, आणि त्या बायकांचेच आवाज त्यांच्या मधोमध, त्यांच्याशिवाय, बोलत होते. खाडीतल्या वाटा सांगत होते, वारा कुठून फिरतो ते सांगत होते.

मग एक जाडसर, घोगरा आवाज आला. तो एका जागेबद्दल बोलला, मधेच कोंबडीला हाकललं, खोकला काढला आणि म्हणाला, "बस झाला गो पोरी, चाय ठेव आता."

तोंडाला पदर लावलेल्या बाईनं तो खाली सोडला. तो यमुनाबाईंचा आवाज होता, काकीच्या थोरल्या जावेचा. दिवाळीनंतर त्या गेल्या.

"परत लाव," काकी म्हणाली.

मयूरीनं तीनदा लावला. तिसऱ्या वेळी "चाय ठेव आता" ऐकल्यावर काकी नकळत उठायला लागली आणि परत बसली.

मग मयूरीनं अट सांगितली. साध्या शब्दांत, काही न लपवता. हे सगळं जगात कुणालाही ऐकता येईल.

"रविवारची लोकं येतात, त्यांना पन?" एकीनं विचारलं.

"हो."

"सही करताना तू हे सांगला नाय," काकी म्हणाली.

"कागदात होतं, काकी."

"कागदात व्हता. तू नाय सांगला."

मयूरीनं खाली पाहिलं. "हो. मी नाही सांगितलं."

मला वाटलं आता सगळं मोडणार. पण कोपऱ्यातली एक तरुण बाई, कडेवर बाळ, म्हणाली, "मना वाऱ्याचा सांगनारा फोन पायजे. माझा मानूस होरी घेऊन जातो. तो कामच बंद करनार काय तुमी?" त्यावर दोघीतिघी एकदम बोलू लागल्या. कुणी म्हणालं सगळं पुसून टाक. कुणी म्हणालं पोरीनं वर्षभर मेहनत केलीय. एक म्हणाली, आपली भाषा फोनमधे गेली तर आपल्याच पोरांना लाज वाटनार नाय. भांडण बराच वेळ चाललं आणि मला त्यातलं निम्मं कळलं नाही. शेवटी काकी बोलली.

"वारा द्या. पानी द्या. जागा नाय."

"आणि मोठ्या काकीचा आवाज?" मयूरीनं विचारलं. "त्यात वाऱ्याचं पण खूप आहे."

काकीनं स्पीकरकडे पाहिलं. "तिला आता इचारता येत नाय," ती म्हणाली. "मग ती घरातच रहील."

पुन्हा बेलापूर

सातव्या दिवशी बैठक होती. मयूरी उभी राहिली आणि तिनं सांगितलं की ती सगळं रेकॉर्डिंग साठ्यात देणार नाही. जागांची नावं कापून, यमुनाबाईंचा आवाज वगळून जे उरेल तेच देईल. त्यामुळे यंत्र कमी शिकेल आणि तिला बराच उशीर होईल.

देवयानी वाईट बाई नाहीत. त्यांना खरंच अडचण होती. "मयूरी, अट मी एकटीनं घातलेली नाही," त्या म्हणाल्या. "लोकांच्या मदतीतून जे तयार होतं ते लोकांचं, हे आपण पहिल्या दिवशी ठरवलं."

"लोकांचं म्हणजे कोणाचं, मॅडम?" मयूरीनं विचारलं. "ज्यांचं आहे ते पण लोकच आहेत ना?"

इरफान म्हणाला, "माझ्याकडे पण ड्रायव्हर लोकांचं रेकॉर्डिंग आहे. मी पण नीट सांगितलेलं नाही. मला परत जावं लागेल." असं म्हणून तो बसला आणि बाकीचे आपापल्या कागदांकडे बघू लागले.

माझं मत मी वाचून दाखवलं. त्यात मी माझ्या फाडलेल्या पानांबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी एवढंच, की भाषा शिकवायला निघालेली ही मुलगी आठवड्याभरात विचारायला शिकली, ते मला पन्नाशी ओलांडल्यावर जमलं; तिला दुसरं वर्ष द्यावं.

दिलं नाही. अट या वर्षीपुरती बदलता येत नव्हती. काम आवरायला तीन महिने मिळाले, आणि पुढच्या वर्षापासून साठ्यात काय जाईल ते आवाजाच्या मालकांना ऐकवून ठरवायचं, असं नव्या अटींत लिहायचं ठरलं. मयूरीनं मान डोलावली. बाहेर जिन्यात ती भिंतीला टेकून उभी राहिली, डोळे मिटून. मी तिच्या शेजारी उभी राहिले.  खिडकीतून डोंगरावरची वाळलेली, सोनेरी गवतं दिसत होती आणि त्यांवरून ढगाची एकच सावली सावकाश सरकत चालली होती. ती पलीकडे उतरेपर्यंत आम्ही बघत राहिलो.

"आता घरी काय सांगशील?" मी विचारलं.

"जे झालं ते. आता सगळं सांगायची सवय लावायची आहे."

परतल्यावर

मयूरी अधूनमधून फोन करते. तिनं सकाळची एक नोकरी धरली आणि दुपारी ओट्यावर बसून रेकॉर्डिंग कापायला घेतलं. एकटीला वर्ष लागलं असतं. पण बायका येऊन बसू लागल्या. हे ठेव, हे काढ, इथं माझी सासू शिव्या देतेय ते पन काढ. दुपारचं ते एक कामच होऊन बसलं. जोराच्या वाऱ्याची सूचना आता त्यांच्या बोलीत, त्यांच्यातल्याच एकीच्या आवाजात जाते. कडेवर बाळ घेऊन बसलेल्या, होडीवाल्याच्या त्या बायकोनं तो आवाज आपला असावा म्हणून हट्ट धरला होता आणि तिचाच ठेवला.

उन्हाळ्यात देवयानींचा फोन आला. पुढच्या वर्षासाठी अर्ज मागवले होते. त्यांत एक अर्ज लिहिलेला नव्हता, बोललेला होता. नर्मदाकाकीचा. मयूरीबरोबर जोडीनं काम करीन, कुठलं बोलणं बाहेर जाईल आणि कुठलं नाही ते आमच्या बायका बसून ठरवतील, ते बघायचं काम माझं, असं तिनं सांगितलं होतं. अर्जात वयाची अट पस्तिशीची होती. "ती ओळ कुणी आणि का घातली होती, ते आम्हाला कुणालाच आठवेना," देवयानी म्हणाल्या. "काढून टाकली."

मुलाखतीचंही देवयानींनीच सांगितलं. काकी नवी साडी नेसून, टोपली घरी ठेवून आली. पाच जणांसमोर खुर्चीवर बसली. सगळं नीट झालं. शेवटी एका पाहुण्या गृहस्थांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"खाडीत," काकी म्हणाली. मग तिनं पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "आनि तुमी?"